खेळ नसलेले दिवस

जुलै उजाडला की डेट्रॉइटच्या भोवतालच्या वस्त्यांमधून गॅरेजची दारं सताड उघडी दिसायला लागतात. पाच-सहा महिने बर्फाने घरात कोंडलेली माणसं दारातच घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतात, कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राची घरघर दुपारभर या गल्लीतून त्या गल्लीत फिरत राहते, आणि ताज्या कापलेल्या गवताचा तो ओलसर, किंचित कडवट वास, त्यात मिसळलेला पेट्रोलचा आणि तापलेल्या सिमेंटचा, आणि आमच्या काकांच्या गॅरेजपुरतं बोलायचं तर हिंगाचा न् कढत तेलाचा, असं सगळं मिळून जे नाकाशी येतं ना, तेवढ्यावर मी डोळे मिटून महिना सांगू शकते. हिंग आणि तेल अशासाठी, की काकू भजी गॅरेजमध्ये तळायची. घरात तळली की धुराचा भोंगा किंचाळायला लागतो आणि गालिच्यातून आठवडाभर कांदा जात नाही, म्हणून इथल्या कितीतरी मराठी घरांचं तळण गाड्यांच्या शेजारी होतं. काकू तळायची, काका खुर्ची सरकवून धुरापासून लांब बसायचे, आणि कपाटावरचा रंगाचे शिंतोडे उडालेला रेडिओ चालू असायचा.

आता या दिवसांत खेळ म्हणाल तर काही नसतो. बास्केटबॉल जूनमध्ये संपलेला, फुटबॉल, म्हणजे इथला, हातात धरून पळायचा, तो सप्टेंबराशिवाय सुरू होत नाही. बेसबॉल असतो रोज, पण काका त्याला खेळ म्हणायला तयार नसत. ‘उभं राहून पाय दुखायचा कार्यक्रम’ असं त्यांचं मत होतं आणि त्यात शेवटपर्यंत बदल झाला नाही. म्हणजे त्यांच्या लेखी हे दिवस रिकामेच. आणि तुम्हाला सांगते, याच रिकाम्या दिवसांत काका सगळ्यांत जास्त बोलायचे.

काय बोलायचे? तर कोण सोडणार, कोण जाणार, कुणाच्या बदल्यात कोण येणार. बास्केटबॉलच्या पिस्टन्सने अमक्याला ओरलँडोला धाडलं तर त्या बाजूने कोण येईल, त्याचा गुडघा कसा आहे, त्याच्या पगाराचा आकडा आपल्या मर्यादेत कसा बसवायचा, आणि फुटबॉलच्या लायन्सचा तो म्हातारा झालेला (म्हणजे चौतिशीचा) खेळाडू सरावशिबिराला येईल की घरी बसेल. रेडिओवर, आधी 1130 वर आणि मग पुढे 97.1 वर, दिवसभर हेच चालायचं. कुणी वॉरनहून, कुणी लिव्होनियाहून गाडी चालवता चालवता फोन करायचा आणि जणू काही संघमालकाने सल्ला मागितलाय अशा आवाजात आपली योजना मांडायचा. काका त्याला इथूनच उत्तर द्यायचे, मराठीत. ‘अरे खुळ्या, त्याचा करार बघितलास का?’ काकू झारा निथळत म्हणायची, ‘एवढी चौकशी तर आपण सुनेच्या वेळी पण केली नव्हती हो.’

काका मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. कोल्हापूरला फुटबॉलचं काय वेड आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची आणि खंडोबाची गाठ पडली की पेठांच्या पेठा तिकडे लोटतात. पण काकांच्या सांगण्यात सामने कमी आणि सामन्यांआधीचे दिवस जास्त असायचे. हंगाम सुरू व्हायच्या आधी कोणता पोरगा या वर्षी कुठल्या तालमीकडून नोंदणी करणार याची कट्ट्याकट्ट्यावर चाललेली कुजबुज, रात्री मिसळीच्या गाडीशेजारी उभं राहून केलेले तर्क, खोटी बातमी मुद्दाम पिकवून समोरच्या पेठेची झोप उडवणं. ते सगळं सामान काकांनी बरोबर आणलं होतं. पंचवीस-सव्वीसच्या वयात मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत साच्यांच्या विभागात नोकरी धरून ते मिशिगनला आले, आणि जो मुलूख लाभला तिथली नावं त्या कुजबुजीत भरली, एवढंच.

मी शिकायला आले ती त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहिले. तळघराच्या जिन्याने वर आलं की थेट गॅरेजचं दार, त्यामुळे माझी प्रत्येक उन्हाळी संध्याकाळ त्या खुर्च्यांमध्ये अडकायची. हातात व्हर्नर्सचा गार डबा. हे डेट्रॉइटचं जुनं आल्याचं सोडा-पेय आहे, उघडल्याबरोबर पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या येतात आणि ठसका लागतोच; काकांना इतकी वर्षं पिऊनही लागायचा, आणि ठसका लागला की ते वाक्य अर्धं सोडून हात वर करून आम्हाला थांबवायचे, म्हणजे मधल्यामधे दुसऱ्याने बोलायला सुरुवात करू नये म्हणून. समोर वाटीत भडंग. भिंतीवर कालनिर्णय.

त्या कालनिर्णयाची पानं आता माझ्याकडे आहेत. काकू घर विकून चुलतभावाकडे टेक्सासला गेली तेव्हा तिने रबर लावलेली गुंडाळी माझ्या हातात दिली, ‘तुझ्या काकांची आकडेमोड, तुलाच कळेल’ म्हणाली. पानांना अजून यंत्राच्या तेलाचा वास आहे, आणि कडांना हळदीची बोटं. आषाढी एकादशीच्या चौकोनात काकूच्या अक्षरात ‘भगर संपली’, आणि त्याच आठवड्यात काकांच्या बारीक, तिरक्या अक्षरात ‘फ्री एजन्सी चालू’, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंना हवा तो संघ धरायची मोकळीक. चतुर्थ्या, अमावास्या, गवत कापायच्या यंत्राचं तेल बदलल्याची नोंद, काकूच्या दाढेची तारीख, आणि मधेच एखादं नाव, पुढे प्रश्नचिन्ह. खेळाडूने निर्णय घेतला की प्रश्नचिन्ह खोडून बरोबरची किंवा फुलीची खूण. काही प्रश्नचिन्हं तशीच राहून गेलीत. ती कुणाची हे पाहायला मी अधूनमधून पानं उलगडते, आणि मग तासभर उठत नाही.

1999 च्या जुलैचं पान तेवढं वेगळं आहे. शेवटच्या आठवड्यात 28 च्या चौकोनात नुसतंच ‘बॅरी’ लिहिलंय आणि त्याला पेनाने इतक्या वेळा चौकट केलीये की कागद मागून उमटलाय. बॅरी सँडर्स लायन्सचा. उंचीने पावणेसहा फुटांच्याही आतला, दहा हंगामांत 15,269 यार्ड पळालेला, आणि वॉल्टर पेटनच्या 16,726 च्या विक्रमाला एवढासा कमी की अजून एक हंगाम खेळला असता तरी पुरलं असतं. काकांना तो आवडायचा तो मात्र आकड्यांसाठी नव्हे. एवढे दांडगे गडी चुकवून, गरकन फिरून, कधी कधी आधी चार पावलं उलट पळून तो शेवटच्या रेषेपार जायचा आणि तिथे नाच नाही, आरोळी नाही, चेंडू सरळ पंचाच्या हातात द्यायचा आणि परत यायचा. ‘काम झालं, सामान जागेवर ठेवलं,’ काका म्हणायचे. सरावशिबिर तोंडावर आलेलं असताना त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवला की मी थांबतोय. तो स्वतः तेव्हा लंडनच्या वाटेवर होता. पत्रकार परिषद नाही, रडारड नाही. वय एकतीस, पाय शाबूत.

त्या फॅक्सवर आमच्या गॅरेजात पुढची कित्येक वर्षं बोलणं झालं. शेजारचा पोलिश म्हातारा, जो कंपनीतून आधीच निवृत्त होऊन टोमॅटोची झाडं लावत बसला होता, तो बॅरीवर भयंकर चिडलेला. असं कसं सोडतो, गावाचं काही देणं लागतो की नाही, असं त्याचं म्हणणं. काका त्याला शांतपणे बॅरीची बाजू सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, कोल्हापुरी हेल इंग्रजीत उतरायचा. हरणाऱ्या संघात किती पळायचं माणसाने? कुणाला सांगून जायचं असतं का? ज्याच्या पायांनी पळायचं त्यालाच ठरवू दे ना. म्हातारा टोमॅटो ठेवून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

काका स्वतः निवृत्त झाले ती संध्याकाळ मला आठवते, कारण त्यात आठवण्यासारखं काहीच घडलं नाही. कंपनी वयस्करांना रक्कम देऊन मोकळं करत होती, त्यांनी कागदावर सही केली. घरी आले, जेवणाचा डबा मोरीत ठेवला, आणि ‘आज शेवटचा दिवस होता. काय केलंय जेवायला?’ एवढं बोलले. पिठलं होतं. जेवून आम्ही बाहेर बसलो तर पिस्टन्स कुणाला तरी सोडणार अशी बातमी होती, त्यावर रात्री अकरापर्यंत बोलले.

अदलाबदलीच्या बातम्यांत काकांची एक खोड होती. सगळं जग मोठ्या नावाबद्दल बोलत असायचं, हे दुसऱ्या बाजूने येणाऱ्या माणसाची विचारपूस करायचे. 2000 च्या उन्हाळ्यात ग्रँट हिल गेला तेव्हा या शहराला सुतकच आलं होतं. सहा वर्षं लाडका असलेला, देखणा, घोटा मोडलेला असूनही सगळ्यांना हवा असलेला; तो ओरलँडोला निघाला आणि त्याच्या बदल्यात आले दोन जण, चकी ॲटकिन्स आणि कोण तो बेन वॉलेस. रेडिओवर माणसं अक्षरशः रडकुंडीला आलेली. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, ‘हा वॉलेस कुठला?’ मग कुठून कुठून गोळा करून त्यांनीच आम्हाला सांगितलं की तो अलाबामातल्या बारक्या खेड्यातला आहे, 1996 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत कुणीही त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि आता चार वर्षांत हे त्याचं तिसरं गाव. ‘त्याला कुणी विचारलं का, येतोस का म्हणून? सामान भरायला चार दिवस तरी देतात का रे यांना?’ हा प्रश्न त्यांना खरोखर पडलेला असायचा. घर कोण बघून देतं, पोरांच्या शाळेचं काय करतात, गाडीची नंबरप्लेट बदलायला रांगेत स्वतः उभे राहतात की माणूस ठेवतात. आम्ही हसायचो. कोट्यधीश माणसं ती, काका! ‘असू देत की,’ ते म्हणायचे, ‘पहिल्या रात्री दिव्याचं बटण कुठंय ते त्यांना पण सापडत नसणार.’

बेन वॉलेसचं पुढे काय झालं ते इथे पोरंसोरंही सांगतात. चार वेळा सर्वोत्तम बचावपटू, आणि 2004 ला लेकर्सना चार-एक असं लोळवणाऱ्या संघाचा कणा. हिलचा घोटा मात्र ओरलँडोत काही केल्या जुळेना, पहिल्या हंगामात तो जेमतेम चार सामने खेळला. आमच्याकडे त्यावर टिंगल चालायची तेव्हा काका रेडिओ बंद करायचे. सौदा आपल्याला फळला म्हणून दुसऱ्याच्या हाडावर हसायचं, हे त्यांच्यात बसत नव्हतं.

तसे ते हसायचे भरपूर. पॉन्टियाकचं सिल्व्हरडोम पाडायचं ठरलं, 2017 चा डिसेंबर होता, आणि सुरुंग उडाले, धूर झाला, आणि स्टेडियम जसंच्या तसं उभं! काकांना इतकं हसू लोटलं की ठसका व्हर्नर्सशिवाय लागला. ‘लायन्सचं घर आहे, एवढ्यात कसं हार मानणार? आयुष्यभर दुसरं केलंय काय!’ दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावले तेव्हा ते खचलं. मग मात्र काकांनी जेवताना 1994 चा विषय काढला. त्या जूनमध्ये विश्वचषकाचे सामने याच सिल्व्हरडोममध्ये झाले होते, छताखाली. मिशिगन स्टेट विद्यापीठाने षटकोनी पेट्यांमध्ये गवत वाढवून ते आत आणून अंथरलं होतं, आणि उकाडा असा की शर्ट पिळून काढावा. काका गेले होते. अमेरिकेत येऊन इतक्या वर्षांनी पायाने खेळलेला फुटबॉल, आणि तोही असा. आत शिरताच त्यांना गवताचा वास आला म्हणे, आणि मिनिटभर आपण कुठे आहोत ते कळेना. बस, एवढंच सांगितलं. स्कोअर विचारला तर म्हणाले, ‘एक-एक. स्वित्झर्लंड होतं समोर. चहा टाक.’

2019 चा उन्हाळा काकांचा शेवटचा, आणि काय उन्हाळा होता तो! एरवी दोन-तीन बातम्यांवर महिना काढावा लागतो, त्या वर्षी बास्केटबॉलात रोज एक. ड्युरंट ब्रुकलिनला, अँथनी डेव्हिस लॉस एंजेलिसला, आणि कवाय लेनर्ड, ज्याने नुकतंच नदीपलीकडच्या कॅनडातल्या टोरंटोला अजिंक्यपद मिळवून दिलं होतं, तो राहणार की जाणार यावर सगळा देश ताटकळलेला. टोरंटोत तो बसला असावा अशा गाडीवर बातमीवाल्यांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं; काका टीव्हीसमोर उभे राहून म्हणत होते, ‘अरे त्याला जेवू तरी द्या.’ 5 जुलैची ती रात्र. तिकडे कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, लास व्हेगासमध्ये चाललेला नव्या पोरांचा सामना हादऱ्यांनी थांबवावा लागला, आणि आमच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजत आले असताना बातमी आली की लेनर्ड क्लिपर्सकडे निघाला, आणि त्याच्या सोबतीला ओक्लाहोमा सिटीचा पॉल जॉर्जही. मी तोवर लग्न होऊन ॲन आर्बरला राहायला गेले होते. सहालाच फोन वाजला. नमस्कार-चमत्कार काही नाही, ‘झोपलीयेस काय? ऊठ.’ मग अर्धा तास सगळं सांगून झाल्यावर, ‘आणि त्या बदल्यात ओक्लाहोमाला जाणारं ते पोरगं, शे गिल्जस-अलेक्झांडर, विशीतलं आहे गं. इथलंच पलीकडचं, हॅमिल्टनचं. आत्ता कुठे लॉस एंजेलिसची सवय झाली असेल.’

त्यानंतरचं ते अँड्र्यू लकचं. ऑगस्टाची 24, शनिवार, आदल्या रात्री कृष्णजन्म झालेला, काकूने काला केला होता. पोहे, दही, काकडी, लिंबाचं लोणचं. स्टीलच्या वाट्या हातात घेऊन आम्ही गॅरेजात बसलो होतो, डासांसाठी लावलेल्या मेणबत्तीचा लिंबट वास, रातकिडे, आणि रेडिओवर बातमी आली की इंडियानापोलिसच्या फुटबॉल संघाचा लक थांबतोय. एकोणतीस वर्षांचा. सरावाचा सामना अजून मैदानात चालू होता, बातमी प्रेक्षकांच्या फोनवर आधी पोहोचली, आणि तो मैदानातून आत जाताना स्वतःच्याच गावाच्या लोकांनी त्याची हुर्यो केली. काकांनी वाटी खाली ठेवली. बरगड्या, पोट, खांदा, फाटलेलं मूत्रपिंड, एक अख्खा हंगाम दवाखान्यात. त्यांना सगळी यादी पाठ होती आणि ती त्यांनी म्हणून दाखवली, एकेक बोट मिटत. ‘आणि हे ओरडतायत. बसल्या जागी.’ मग म्हणाले, बॅरीने फॅक्स पाठवला तेच बरं केलं, माणसाने विमानात बसून मग सांगावं. काकू म्हणाली, काला उरलाय, घ्या. त्यांनी घेतला.

त्या हिवाळ्यात काका गेले. फेब्रुवारी होता, बर्फ होता, स्मशानात जाताना गाड्या हळू चालवाव्या लागल्या.

तुम्हाला वाटेल, 2024 च्या जानेवारीत मला त्यांची सगळ्यांत जास्त आठवण आली असेल. मैत्रिणींनीही तसंच धरलं होतं, मुद्दाम फोन केले. बत्तीस वर्षांनी लायन्सनी बाद फेरीचा सामना जिंकला, 24-23, तोही स्वतःच्या घरात आणि आता रॅम्सकडे असलेल्या स्वतःच्याच जुन्या खेळाडूविरुद्ध, स्टॅफर्डविरुद्ध. ज्या गॉफला रॅम्सनी नकोसा म्हणून त्या स्टॅफर्डच्या बदल्यात इकडे ढकललं होतं, त्याच्या नावाचा गजर अख्खं फोर्ड फील्ड करत होतं. आनंद झाला, ओरडलेही. पण जिंकलेल्या रात्री बोलायला गाव असतं, अनोळखी माणूस पेट्रोलपंपावर मिठी मारतो. माझी अडचण जुलैत होते. काहीच न घडलेल्या मंगळवारी, गवत कापून झाल्यावर, ‘समजा’ ने सुरू होणारं वाक्य मनात येतं, आणि ते घेऊन कुठे जायचं कळत नाही. नवऱ्याला सांगून पाहिलं. तो प्रेमाने ऐकतो, पण ऐकून घेणं वेगळं आणि ‘खुळी आहेस का, त्याचा करार बघितलास का’ असं वसकन अंगावर येणं वेगळं. मुलगा फोनवर सगळ्या बातम्या माझ्याआधी वाचतो. त्याला निकाल ठाऊक असतो. त्याआधी तीन आठवडे रंगवायचे असतात हे त्याच्या गावीही नाही. मी रेडिओ लावते. वॉरनचा कुणीतरी अजून योजना मांडत असतो. त्याला मराठीत उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडते आणि माझा सूर काकांसारखा लागत नाही, फारच सभ्य येतो.

मागच्या वर्षीचा, 2025 चा जून तर काकांनी डोक्यावर घेतला असता. आरंभीच फ्रँक रॅग्नाउने लायन्स सोडलं. मधोमध वाकून चेंडू मागे द्यायचा, आणि मग कुणाचं लक्ष नसताना समोरच्या पहाडाला अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. घशातली कूर्चा मोडलेल्या अवस्थेत तो एकदा सामना पुरा खेळला होता. वय पुन्हा एकोणतीस. महिन्याच्या शेवटाकडे ओक्लाहोमा अजिंक्य झालं आणि करंडक उचलला तो हॅमिल्टनच्या त्याच पोराने. आणि त्याच दिवशी, शेवटचा सामना सुरू व्हायच्या काही तास आधी, न्यूयॉर्कमध्ये व्यासपीठावर मुलाखत देत बसलेल्या ड्युरंटला लोकांसमोरच कळलं की आपण फिनिक्सहून ह्यूस्टनला चाललो. दुपारभर जो तो ड्युरंटबद्दल बोलत होता, त्याचं वय, त्याचा गुण, किती दिवस टिकेल तिकडे. मी भजीचं पीठ भिजवत होते. त्या बदल्यात ह्यूस्टनहून जेलन ग्रीन जायचा होता, तेवीस वर्षांचा, चार वर्षं एकाच गावात काढलेला. ऐन उन्हाळ्यात फिनिक्स म्हणजे काय उकाडा असेल, आणि त्याला आता तिथे घर बघायचं, वीज-पाण्याची जोडणी घ्यायची, नंबरप्लेट बदलायची. रांगेत स्वतः उभा राहील की माणूस ठेवेल? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कोट्यधीश आहे तो. असू दे की, मी म्हटलं, आणि तेल तापलंय का ते बघायला पिठाचा एक थेंब सोडला.